चावी तीच, मग इंजिन का रुसते?

मूळ चावीवरून हुबेहूब दाते कापून घेतलेली दुसरी चावी मोटारीच्या दाराला बिनतक्रार लागते, स्टार्टच्या कुलपात शेवटपर्यंत फिरते, स्टार्टरही घरघरतो. पण इंजिन क्षणभर धडधडून बंद पडते आणि डॅशबोर्डवर चावीचे किंवा कुलपाचे चित्र असलेला लहानसा दिवा लुकलुकत राहतो. चावी करणाऱ्याची कानस चुकली असे समजून मालक पुन्हा त्याच्याकडे जातो, दाते पुन्हा घासले जातात आणि पुन्हा तेच घडते. अकोला जिल्ह्यातल्या तेल्हाऱ्याच्या बाजारात कापूस घेऊन आलेल्या ट्रॅक्टरवाल्याचा अनुभव मात्र नेमका उलटा असतो, कारण एकाच कंपनीच्या दोन जुन्या ट्रॅक्टरांची चावी एकमेकांना बहुधा चालते आणि चावी हरवली तर शेजाऱ्याची मागून काम भागते. एका वाहनाला हुबेहूब चावीही पुरत नाही आणि दुसऱ्याला कोणाचीही चालते, या फरकाचा उलगडा झाला की सायरन, इमोबिलायझर, गिअर लॉक आणि जीपीएस यांपैकी कोणते साधन कशाला उपयोगी आहे आणि कशाला नाही, हेही ध्यानात येते.

कुलपाला फक्त आकार कळतो

साध्या कुलपाच्या आत लहान लहान पत्र्या स्प्रिंगने दाबलेल्या असतात; चावीचे दाते त्यांना आपापल्या उंचीवर उचलतात आणि सर्व पत्र्या एका रेषेत आल्या की कुलपाचा गाभा फिरतो. हे कुलूप चावीचा आकार तपासते, ती कोणाच्या हातात आहे याच्याशी त्याला काही देणेघेणे नसते, आणि आकार साबणावर उमटवूनही चोरता येतो. शिवाय या गाभ्यामागे एक विजेचा स्विचच असतो. बॅटरीची वीज इंजिनाकडे आणि नंतर स्टार्टरकडे सोडणे एवढेच त्याचे काम असल्यामुळे स्टेअरिंगखालचे झाकण काढून त्याच तारा बाहेरून जोडल्या, तर कुलूप न उघडताही इंजिन सुरू होते. स्टेअरिंग लॉक, म्हणजे चावी काढल्यावर स्टेअरिंगच्या दांड्यात अडकणारा लोखंडी खिळा, हा यावरचा जुना उपाय होय. पण जोर लावून तो मोडता येतो.

चावीच्या डोक्यातली चिप

इमोबिलायझर म्हणजे ओळख पटल्याशिवाय इंजिन चालू न देणारी यंत्रणा. तिच्या चावीच्या प्लॅस्टिकच्या डोक्यात तांदळाच्या दाण्याहून फारशी मोठी नसलेली एक चिप असते, तिला ट्रान्सपाँडर म्हणतात. या चिपला बॅटरी लागत नाही. स्टार्टच्या कुलपाभोवती तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. चावी फिरवताच त्यात सेकंदाला साधारण सव्वा लाख वेळा दिशा बदलणारा प्रवाह वाहू लागतो, त्याच्या बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे चिपमधल्या इवल्याशा वेटोळ्यात वीज निर्माण होते आणि तेवढ्या विजेवर चिप जागी होऊन बोलू लागते. रिमोटची बॅटरी संपली तरी चावीने गाडी सुरू होते, ती यामुळेच.

चिपने दरवेळी एकच ठरलेला आकडा सांगितला असता, तर तो चोरून ऐकणे सोपे होते. म्हणून पुढची पायरी अधिक चतुर आहे. शेतात हरभऱ्याच्या गंजीवर दोघे भाऊ आळीपाळीने राखणीला बसतात आणि अंधारात येणारा आपलाच आहे हे ओळखण्यासाठी त्यांनी एक नियम ठरवला आहे, असे समजावे: बसलेल्याने कोणताही आकडा ओरडून सांगायचा, येणाऱ्याने त्याला सातने गुणून तीन मिळवायचे आणि उत्तर द्यायचे. बसलेला ‘बारा’ म्हणाला, येणारा ‘सत्त्याऐंशी’ म्हणाला. बांधाआड लपलेल्या चोराने दोन्ही आकडे ऐकले, पण दुसऱ्या रात्री प्रश्न ‘पंचवीस’ आला तर ‘सत्त्याऐंशी’ हे उत्तर त्याच्या काहीच कामाचे नाही. गाडीचा संगणक असाच दरवेळी नवा आकडा चिपकडे पाठवतो, चिप आपल्या पोटातल्या गुप्त संख्येने त्यावर गणित करते आणि उत्तर परत पाठवते. गाडीकडेही तीच गुप्त संख्या असल्याने ती स्वतः तेच गणित करून उत्तर पडताळते. उत्तर जुळले नाही तर इंजिनाचा संगणक इंधन बंद करतो. काही गाड्यांत स्टार्टरच फिरत नाही, तर काहींत इंजिन क्षणभर चालून थांबते. बाजारातल्या चावीला दाते असतात, चिप नसते. म्हणून कानस कितीही नेमकी चालली तरी उपयोग होत नाही.

मारुती सुझुकीच्या गाड्यांत ‘आयकॅट्स’ या नावाने येणारी यंत्रणा याच जातीची आहे. युरोपीय संघातील देशांत १९९८ पासून नव्या मोटारींना इमोबिलायझर बंधनकारक झाला आणि नेदरलँड्समधील दोन अर्थशास्त्रज्ञांनी नंतर काढलेल्या हिशेबानुसार १९९५ ते २००८ या काळात त्यामुळे मोटारचोरीचे प्रमाण सरासरी सुमारे ४० टक्क्यांनी उतरले. उलट बाजू अमेरिकेत दिसली. तेथे २०१५ च्या मॉडेलांत इतर कंपन्यांच्या ९६ टक्के गाड्यांना इमोबिलायझर होता, तर ह्युंदाई व किया यांच्या केवळ २६ टक्के गाड्यांना. आणि २०२१ नंतर स्टेअरिंगखालचे झाकण तोडून यूएसबी केबलच्या टोकाने कुलपाचा गाभा फिरवण्याची युक्ती समाजमाध्यमांवर पसरताच या दोन कंपन्यांच्या गाड्या पोरेटोरे पळवू लागली. केबलच्या टोकाचा आकार योगायोगाने बसत होता, आणि त्या गाड्यांना आकारापलीकडचा प्रश्न विचारताच येत नव्हता.

गणित कच्चे असले तर

वरच्या उदाहरणातला चोर जरा हिशेबी असेल, तर दोनच रात्री त्याला पुरतात. बाराला सत्त्याऐंशी आणि पंचवीसला एकशे अठ्ठ्याहत्तर. प्रश्नांत फरक तेराचा, उत्तरांत एक्क्याण्णवचा, म्हणजे गुणक सात, आणि मग मिळवायचे तीन हे उघडच आहे. खऱ्या चिपमधले गणित यापेक्षा कितीतरी गुंतागुंतीचे असते, पण जुन्या चिपांचा दोष याच जातीचा होता. एका फार खपलेल्या चिपची गुप्त संख्या ४० बिटांची होती, म्हणजे शक्य संख्या सुमारे १ लाख १० हजार कोटी. माणसाला हा आकडा अफाट वाटतो. परंतु २००५ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ आणि आरएसए प्रयोगशाळा येथील संशोधकांनी खास जुळवलेल्या संगणकीय यंत्रणेने तासाभराच्या आत ती संख्या शोधून दाखवली. ‘मेगामॉस’ या दुसऱ्या चिपमधले दोष दाखवणारा शोधनिबंध २०१३ मध्ये फोक्सवॅगनने ब्रिटनच्या न्यायालयातून थोपवला आणि तो २०१५ मध्येच प्रसिद्ध होऊ शकला. दोष झाकून ठेवण्याच्या या धोरणाने ग्राहकाचे काय भले झाले, हे कंपनीच जाणे.

प्रत्यक्षात चोराला एवढा खटाटोप करण्याची गरज क्वचितच पडते. चावी हरवलेल्या मालकाला नवी चावी मिळावी म्हणून प्रत्येक गाडीत नव्या चिपची ओळख करून देण्याची सोय असते, आणि ती बहुधा स्टेअरिंगखालच्या ओबीडी पोर्टमधून होते. ओबीडी पोर्ट म्हणजे मेकॅनिक आपले तपासणी यंत्र ज्या खाचेत लावतो ती खाच. काच फोडून आत शिरलेला सराईत चोर आपले यंत्र त्याच खाचेत लावतो आणि कोरी चावी गाडीला ‘शिकवून’ निघून जातो. दाराचे कुलूप उत्तम आणि खिडकीला गज नाहीत, असा हा प्रकार आहे. या खाचेवर बसणारे लोखंडी झाकण किंवा तिची जागा बदलणे हा दिसायला क्षुल्लक उपाय महागड्या सायरनपेक्षा अधिक कामाचा ठरतो.

बटणाची गाडी आणि लांबवलेले संभाषण

खिशात चावी ठेवून नुसते बटण दाबले की सुरू होणाऱ्या गाड्यांत एक वेगळीच फट आहे. अशी गाडी एक-दोन मीटरपर्यंतच पोहोचणारी मंद लहर सोडून ‘चावी जवळ आहे का’ असे विचारते आणि चावी अधिक ताकदीच्या लहरीने उत्तर देते. उत्तर आले म्हणजे चावी जवळच असली पाहिजे, असे गाडी गृहीत धरते. दोन चोरांपैकी एक गाडीजवळ आणि दुसरा घराच्या दारापाशी उभा राहून आपापल्या अँटेनांनी हा प्रश्न पुढे पोचवतात, तेव्हा आत खुंटीवर टांगलेली चावी इमानेइतबारे खरे उत्तर देते. येथे गुप्त संख्या फुटत नाही, गणितही फुटत नाही. फक्त दोघांचे बोलणे लांबवले जाते. झुरिच येथील ईटीएच संस्थेच्या संशोधकांनी २०११ मध्ये आठ कंपन्यांच्या दहा गाड्यांवर हा प्रयोग केला आणि दहाही गाड्या फसल्या.

नव्या काही गाड्या उत्तर यायला किती वेळ लागला हे मोजतात. रेडिओलहर ३० मीटर जायला सेकंदाचा एक कोटीवा भाग घेते, त्यामुळे इतका सूक्ष्म वेळ मोजणारी चिप असेल तर लांबून आलेले उत्तर ओळखू येते. जुन्या गाडीच्या मालकाने मात्र घरातली चावी घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवावी, कारण धातूच्या बंद भांड्यातून लहरी आरपार जात नाहीत. डबा बंद करून गाडीजवळ न्यावा. दार उघडले तर डबा बदलावा.

सायरन कोणासाठी वाजतो?

आश्चर्य असे की मोटारसुरक्षा म्हटले की बहुतेकांना आधी सायरनच आठवतो. त्याची रचना सरळ आहे. दार, बॉनेट आणि डिकी उघडल्याचे कळवणारे स्विच असतात. गाडीच्या सांगाड्यावर चिकटवलेल्या धक्का-संवेदकात दाबले गेल्यावर वीज निर्माण करणारी स्फटिकाची चकती असते. काही यंत्रणांत गाडी तिरपी झाली, म्हणजे कोणी उचलून टो करू लागला, हे ओळखणारा संवेदकही असतो. यांपैकी कोणताही संकेत आला की नियंत्रक पेटी सायरन आणि चारही इंडिकेटर चालू करते. सायरन चोराला अडवत नाही; तो माणसांना बोलावतो, आणि म्हणूनच त्याची किंमत माणसांच्या येण्यावर ठरते.

येथेच घोडे पेंड खाते. मृगाचा पहिला गडगडाट, लक्ष्मीपूजनाचे फटाके, वरातीचा डीजे किंवा बॉनेटवर उडी मारणारे मांजर यांपैकी कशानेही सायरन बोंबलतो, गल्ली चार रात्री वैतागते आणि पाचव्या रात्री कोणी उशीवरून डोकेही उचलत नाही. शेगावसारख्या ठिकाणच्या मोठ्या वाहनतळावर तर कोणाची गाडी ओरडते आहे हेच कळत नाही. संवेदकाची संवेदनशीलता कमी करणारा लहान स्क्रू बहुतेक पेट्यांवर असतो आणि गाडी घेतल्यापासून तो कोणी फिरवलेला नसतो. सायरनचा खरा उपयोग वाडा, बंगला किंवा शेतातली वस्ती अशा ठिकाणी होतो, जेथे आवाज मालकाच्याच कानावर पडतो आणि आसपास दुसरी गाडी नसते. एवढे मात्र खरे की काचेमागे लुकलुकणारा लाल दिवा पाहून नवशिका चोर पुढच्या गाडीकडे वळतो. सराईताला तो दिवा फक्त एवढेच सांगतो की आधी बॅटरीची तार तोडावी.

चौकट : बसवून घेताना
सायरनला स्वतःची छोटी बॅटरी असावी, म्हणजे गाडीची मुख्य तार तोडली तरी तो वाजत राहतो; ही बॅटरी अकोल्याच्या ४५ अंशांपुढच्या उन्हाळ्यात बॉनेटखाली भाजून निघते, म्हणून दरवर्षी दिवाळीपूर्वी तपासावी. तारा सोलून नुसत्या टेपने गुंडाळणाऱ्या फिटरला काम देऊ नये, कारण असे सांधे तापतात आणि आगीचे कारण होतात. फ्यूज असलेली वेगळी वायरिंग मागावी. पुण्याच्या ‘एआरएआय’ या वाहनसंशोधन संस्थेने प्रमाणित केलेले साधन असेल तर वाहन विम्याच्या दरपत्रकात स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर अडीच टक्के, परंतु ५०० रुपयांपर्यंतच, सवलत आहे.

पंपाचे डिझेल इंजिन : वऱ्हाडाचा खरा प्रश्न

बाजारातली बहुतेक साधने पेट्रोल मोटार डोळ्यांसमोर ठेवून केलेली आहेत, आणि तेल्हारा तालुक्यात दारात उभ्या असलेल्या वाहनांपैकी ट्रॅक्टर, जुने पिकअप आणि जुन्या जीपगाड्या यांना ती जशीच्या तशी लागू होत नाहीत. पेट्रोल इंजिनाला प्रत्येक फेरीत ठिणगी लागते, त्यामुळे ठिणगीची वीज तोडली की ते थांबते. डिझेल इंजिनात ठिणगी नसतेच. दट्ट्याने दाबलेली हवा इतकी तापते की त्यात फवारलेले डिझेल आपोआप पेटते. जुन्या पद्धतीचा यांत्रिक पंप इंजिनाच्याच फिरण्यावर डिझेल ढकलत राहतो, म्हणून असे इंजिन एकदा सुरू झाले की पुढे त्याला विजेची गरजच उरत नाही. डॅशबोर्डची तार तोडणारा छुपा स्विच अशा ट्रॅक्टरावर बसवला तर स्टार्टर फिरणार नाही हे खरे. पण दोघांनी उतारावरून ढकलून गिअर टाकला तर इंजिन सुरू होईल आणि तो स्विच पाहत राहील. ५० अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरांना जानेवारी २०२३ पासून प्रदूषणाचे कडक निकष लागू झाल्याने त्यांत संगणकाच्या ताब्यातली इंधनप्रणाली येऊ लागली आहे. त्याखालच्या, म्हणजे शेतकऱ्याच्या नेहमीच्या वापरातल्या ट्रॅक्टरांत यांत्रिक पंप अजून सर्रास आहे.

अशा वाहनाचे मर्म विजेत नसून डिझेलच्या नळीत आहे. टाकीखालचा कॉक बंद करून त्याला कुलूप लावले, तरी फिल्टर आणि नळीत उरलेल्या डिझेलवर इंजिन थोडा वेळ चालते. मग नळीत हवा धरते आणि ते अशा जागी बंद पडते की पंपाची हवा काढल्याशिवाय पुन्हा सुरू होत नाही. चोरासाठी यापेक्षा वाईट प्रसंग नाही, कारण रस्त्यात मध्येच अडकलेला ट्रॅक्टर लपवता येत नाही. याहून नीटनेटका उपाय म्हणजे पंपाजवळ बसवलेली, वीज मिळाली तरच उघडणारी झडप. तिचा स्विच लपवलेला असला की ढकलूनही उपयोग नाही. याच्या जोडीला गिअरच्या दांड्याला कुलूप घातले तर वाहन ओढून नेणेही अवघड होते. एवढे करूनही ट्रॉली वेगळी चोरीला जाऊ शकते, हे विसरले जाते. तिला इंजिन नाही, चावी नाही, फक्त एक पिन आहे.

दिसणारे साधन, लपलेले साधन

स्टेअरिंगवर आडवी लावलेली पिवळी दांडी मालकाचे रक्षण करते, पण चोरी तिच्यामुळे बहुधा टळत नाही, शेजारच्या गाडीकडे सरकते. लपवलेल्या साधनाचे गणित वेगळे आहे. अमेरिकेत १९८६ पासून ‘लोजॅक’ नावाचा रेडिओ प्रक्षेपक गाडीत गुप्त जागी बसवला जाऊ लागला आणि त्याची कोणतीही खूण बाहेर नसे. इयन एअर्स आणि स्टीव्हन लेव्हिट या दोन अभ्यासकांनी १९९८ मध्ये दाखवून दिले की कोणत्या गाडीत तो आहे हे चोराला कळत नसल्यामुळे त्याचा लाभ न बसवलेल्या गाड्यांनाही मिळतो.

आजचा जीपीएस ट्रॅकर हा त्याचाच वंशज आहे. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांकडून येणाऱ्या संकेतांच्या वेळांतील फरकावरून तो आपली जागा काढतो आणि आतल्या सिमकार्डाने ती मालकाच्या मोबाइलवर पाठवतो. म्हणजे त्याला दोन गोष्टी लागतात, वर मोकळे आकाश आणि जवळपास मोबाइलचा मनोरा. तेल्हाऱ्याच्या उत्तरेला सातपुडा आहे. अकोटहून मेळघाटमार्गे मध्य प्रदेशाकडे जाणाऱ्या घाटात मनोरे विरळ आहेत, आणि तेथे ट्रॅकर गप्प होतो. चांगला ट्रॅकर मधल्या काळातल्या नोंदी साठवून ठेवतो आणि मनोरा मिळताच एकदम पाठवतो. घेताना ही सोय आहे का, हे विचारावे. मनोऱ्याअभावी गप्प होणाऱ्यांहून सिमचे रिचार्ज संपल्याने गप्प झालेले ट्रॅकर अधिक असावेत. दुरून इंजिन बंद करण्याची सोय असेल तर ती धावत्या गाडीवर वापरणे धोक्याचे आहे, कारण इंजिनाबरोबर ब्रेक आणि स्टेअरिंगला मिळणारी मदतही जाते. नव्या प्रवासी वाहतुकीच्या वाहनांना, दुचाकी, तीनचाकी आणि ई-रिक्षा वगळून, १ जानेवारी २०१९ पासून ‘एआयएस १४०’ मानकाचे स्थानदर्शक यंत्र बंधनकारक आहे. खासगी मोटारीला ते नाही.

गाडी गेली, ओळख उरली

चोरलेली गाडी विकायची तर तिला नवी ओळख लागते. अपघातात भंगार झालेल्या त्याच मॉडेलच्या गाडीची कागदपत्रे घ्यायची आणि चोरीच्या गाडीवर तिचा नंबर व चॅसिस क्रमांक चढवायचा, ही जुनी रीत आहे. उच्च सुरक्षा नंबरपाटी, जी १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या वाहनांना सक्तीची झाली, याच कारणासाठी आली: अशोकचक्राचा होलोग्राम, लेसरने कोरलेला स्वतंत्र क्रमांक आणि एकदा बसवल्यावर तोडल्याशिवाय न निघणारा खटका. एमएच-३० ची पाटी उतरवून दुसरी लावणे त्यामुळे पूर्वीइतके सोपे राहिले नाही.

चॅसिस क्रमांक १७ अक्षर-अंकांचा असतो आणि शून्य-एकाशी घोटाळा नको म्हणून त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरे कधीच येत नाहीत. जुनी गाडी घेताना यांपैकी एखादे अक्षर दिसले तर सौदा तेथेच थांबवावा. चोर मूळ क्रमांक घासून काढतो, पण ठसा मारताना धातूचे कण ठशाखालीही खोलवर दबलेले असतात. तांब्याचा क्लोराइड आणि हायड्रोक्लोरिक आम्ल यांचे मिश्रण लावले की दबलेला भाग आजूबाजूच्या धातूपेक्षा वेगळ्या गतीने झिजतो आणि पुसलेले आकडे पुन्हा अंधूक दिसू लागतात. अमरावतीच्या प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेसारख्या संस्थांत असे काम चालते.

तक्रार आणि विमा

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार तक्रार इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते, मात्र तीन दिवसांत तिच्यावर सही करावी लागते. विमा कंपनी पोलिसांचा तपास न लागल्याचा अहवाल आणि दोन्ही मूळ चाव्या मागते. एक चावी नसली तर ती गाडीतच राहिली होती की काय, अशी शंका घेतली जाते. भरपाई ठरते ती विम्यात नोंदवलेल्या मूल्यावर, आणि हे मूल्य दरवर्षी उतरत जाते: एक ते दोन वर्षांच्या वाहनाला २० टक्के घसारा, चार ते पाच वर्षांच्या वाहनाला ५० टक्के. केवळ तृतीय पक्षाचा, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीपुरता विमा असेल, आणि जुन्या ट्रॅक्टरांचा बहुधा तेवढाच असतो, तर चोरीसाठी एक रुपयाही मिळत नाही.

पूर्ण विमा असूनही कंपनीला उशिरा कळवल्याच्या कारणावरून दावे फेटाळले जात असत. जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठापुढे असाच प्रश्न आला, तो एका चोरीला गेलेल्या ट्रॅक्टरचाच होता. पोलिसांत तक्रार त्याच दिवशी नोंदवली होती, विमा कंपनीला मात्र काही आठवड्यांनी कळवले होते; न्यायालयाने ठरवले की तक्रार तत्काळ दिलेली असेल आणि चोरी खरी असेल, तर केवळ कंपनीला कळवण्यातील विलंबावरून दावा नाकारता येणार नाही.